80 किलोमीटरच्या राइडला घोडीला काय, किती आणि केव्हा खाऊ घालायचं

प्रश्न थोडक्यात असा, लांब पल्ल्याच्या (एन्ड्युरन्स) राइडबद्दलचा; तिथे टप्प्यांमधल्या थांब्यांवर व्हेट म्हणजे पशुवैद्य घोडा तपासतो. 7 वर्षांची मारवाडी घोडी, वजन अंदाजे 380 किलो. रोज 4 किलो चंदी (दाण्याचा खुराक), त्यात हरभरा आणि गव्हाचा कोंडा निम्मा-निम्मा, दोन वेळा मिळून. शिवाय ज्वारीच्या कडब्याची 4 किलो कुट्टी. 60 किलोमीटरच्या राइडला स्टार्टच्या तासभर आधी 2 किलो चंदी दिली, वाटेत पाण्यातून माणसांच्या ओआरएसची पाकिटं दिली. दुसऱ्या थांब्यावर घोडीने वैरणीला तोंड लावलं नाही आणि व्हेटने आतड्यांचे आवाज कमी असल्याचं कार्डावर लिहिलं. आता मार्चमध्ये 80 किलोमीटरची राइड आहे: 30, 30 आणि 20 चे टप्पे, मध्ये 40-40 मिनिटांचे दोन थांबे, स्टार्ट पहाटे साडेपाचला. चंदी किती वाढवावी?

वाढवू नका, कमी करा. घोडीने खाणं सोडलं त्याचं मूळ बहुधा या चंदीतच आहे. दुडक्या चालीने सहा-सात तास चालायला लागणारी ताकद त्या सकाळच्या तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीतून) येत नाही; ती आधीच्या काही आठवड्यांच्या खुराकातून स्नायूंत आणि चरबीत साठलेली असते. राइडच्या दिवशी जे खाऊ घालतो ते आतडी चालती ठेवण्यासाठी.

घोड्याचं जठर लहान असतं, 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, घोडा खात असो वा नसो. खरा कारभार मोठ्या आतड्यात चालतो. तिथले जंतू वैरणीचा तंतू आंबवून ऊर्जा देतात, आणि तो तंतू पाणी आणि क्षार धरून ठेवतो. घाम फुटू लागला की शरीर या टाकीतून पाणी ओढतं. दोन दिवस आधीपासून पोटभर वैरण खाल्लेला घोडा भरलेली टाकी घेऊन निघतो. कुट्टी कमी आणि चंदी जास्त खाल्लेला निम्मी घेऊन.

आधी वजन नक्की करा. कोपराच्या मागून, मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलोत वजन. घेर 168 आणि लांबी 160 भरली तर उत्तर 380 येतं. पुढचे सगळे आकडे त्यावरच आहेत.

पिठूळ पदार्थांची मर्यादा एका वेळच्या खाण्यात, दर किलो वजनामागे 1 ग्रॅम स्टार्च अशी धरावी. तुमच्या घोडीला 380 ग्रॅम. हरभऱ्यात आणि ओटमध्ये साधारण 40 टक्के, जवात 55 च्या आसपास, मका, ज्वारी, बाजरीत 70 च्या घरात, कोंड्यात 20 टक्के स्टार्च असतं. तुमच्या 2 किलोच्या तोबऱ्यात 600 ग्रॅम होतं, मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. लहान आतड्यात न पचलेलं उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथे झपाट्याने आंबतं, गॅस धरतो, आम्लता वाढते. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांत दाह उतरतो. त्यात वेळही चुकली. चंदी खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी इन्शुलिन चढलेलं असतं आणि नेमकी त्याच वेळी घोडी पळू लागते. रक्तातली साखर घसरते, चरबी जाळण्याला खीळ बसते आणि स्नायूंतला ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा लवकर खर्ची पडतो. चाळीस किलोमीटरनंतर घोडी "बसते", म्हणजे एकदम थकते, ती अनेकदा यामुळे.

रोजच्या खुराकाची दुरुस्ती राइडच्या निदान दीड-दोन महिने आधी सुरू व्हायला हवी. सुकी हरळी, मारवेल किंवा पवना, जे चांगलं मिळेल ते गवत 5 किलो. सुका लसूणघास दीड किलो. ओट 1 किलो 800 ग्रॅम आणि भिजवलेला हरभरा अर्धा किलो, तीन वेळांत वाटून. मीठ 35 ग्रॅम. खाद्यतेल 30 मिलिलिटरपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत 200 मिलिलिटरपर्यंत. कोणतंही ताजं चालतं, खवट मात्र नको, आणि दर 100 मिलिलिटरमागे 100 आययू ई जीवनसत्त्व द्यावं. तेल हे सरावाच्या महिन्यांतलं अन्न आहे, शरीराला चरबी जाळायची सवय लावणारं. राइडच्या सकाळी तोबऱ्यात तेल ओतून काहीच साधत नाही. बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत, एवढ्या अंगावर घोडी ठेवा आणि त्याप्रमाणे ओट थोडे कमी-जास्त करा. बदल टप्प्याटप्प्याने: तीन-चार दिवसांनी चंदीत पाव किलोचा फरक, वैरण बदलायला दहा दिवस. चंदी बदलताना लोक जपतात आणि वैरण एका रात्रीत बदलतात. पोटशूळ दोन्हींतून उठतो.

डब्याने मोजू नका. त्याच डब्यात ओट भरले तर अर्धा किलो आणि हरभरा भरला तर पाऊण किलोवर जातो. एकदा काट्यावर तोलून डब्यावर रेघ मारून ठेवा, म्हणजे मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) बदलला तरी माप बदलत नाही.

हरभऱ्याला आपल्याकडे फार मान आहे. पण त्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास, आणि जास्तीची प्रथिनं शरीर युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकतं. त्याला पाणी जास्त लागतं, अंगात उष्णताही जास्त निर्माण होते, आणि उन्हातल्या राइडला नेमकं हेच नको असतं. तबेल्यात शिरल्यावर नाकाला अमोनिया झोंबत असेल तर बहुतेक वेळा हरभरा जास्त होतोय. कुळथाचंही तेच, द्यायचाच तर शिजवून आणि थोडा. नाचकामाच्या घोड्याला चकाकी यावी म्हणून तूप, दूध, गूळ चारतात तो मार्ग वेगळा. सारंगखेड्याच्या बाजारातून डिसेंबरात असा गुबगुबीत घोडा आणून फेब्रुवारीत लांब राइडला उतरवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

कोंड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रोज 2 किलो कोंडा ही आपल्याकडची जुनी आणि सार्वत्रिक खोड आहे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. रोजच्या खुराकात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, आणि शक्यतो दीड ते दोन पट असावं. ते नसलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. महिनोन् महिने हे चाललं की चेहऱ्याची हाडं फुगतात, लंगडेपणा येतो. नेपियर, पॅरा गवत आणि उसाचं वाढं यांतल्या ऑक्झलेटमुळे आहे ते कॅल्शियमही नीट लागू पडत नाही, म्हणून वैरणीचा मुख्य आधार यांच्यावर ठेवू नये. दीड किलो लसूणघासातून 18 ते 20 ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि हिशोब जमतो. त्यापलीकडे लसूणघास रोज वाढवत नेऊ नका. आहारातून कॅल्शियम सतत भरपूर येत राहिलं की हाडांतून ते पटकन काढायची यंत्रणा सुस्तावते आणि घामातून कॅल्शियम गेल्यावर ऐन राइडमध्ये कमी पडतं. त्याची एक खूण डोळ्यांना दिसते: कूस हृदयाच्या ठोक्याबरोबर उडायला लागते, उचकी लागल्यासारखी. हे दिसलं की राइड तिथेच थांबते.

कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला नको. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल असतं आणि ती बरेच दिवस चारली तर मूत्राशय आणि मागचे पाय अधू होतात. वाळलेला कडबा विषारी नसतो, पण निकस असतो. बुरशी लागलेला मका किंवा बाजरी धुऊन, उन्हात घालूनही द्यायची नाही. मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याचा मेंदू नासवतं. आणि गायी-कोंबड्यांचं तयार खाद्य चुकूनही नाही. त्यात मोनेन्सिन असू शकतं; कोंबडीला ते औषध आहे, पण घोड्याच्या हृदयाला दर किलो वजनामागे 2-3 मिलिग्रॅमही घातक ठरतं.

राइडच्या गावी स्वतःची वैरण न्या. तीन दिवसांची आणि थोडी जास्त, म्हणजे 25 ते 30 किलो. तिथे मिळणारं गवत कितीही हिरवंगार असलं तरी ते घोडीच्या पोटाला अनोळखी आहे. ट्रकमध्ये वैरणीची जाळी पूर्ण प्रवासभर समोर असू द्या, तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा आणि डोकं खाली घेता येईल इतका वेळ द्या. परक्या पाण्याला नाक मुरडणाऱ्या घोड्याला घरीच आठवडाभर बादलीत बोटभर गुळाची चव लावून ठेवतात, मग कुठलंही पाणी ओळखीचं लागतं.

आदल्या दिवशी चंदी नेहमीएवढी किंवा त्याहून कमी, वैरण हवी तेवढी आणि भिजवून. शेवटची चंदी रात्री नऊ-दहाच्या दरम्यान, पाऊण किलोच्या आत, त्यात 30 ग्रॅम मीठ. रात्रभर समोर गवत. पहाटे साडेचारला भिजवलेलं गवत आणि लसूणघास मिळून अर्धा किलो, सोबत पाणी. चंदी नाही. हा अर्धा किलो सोडू नका: रिकाम्या जठराने घोडी दुडकायला लागली की आम्ल उसळून जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर येतं आणि व्रण पडतात. चावलेल्या गवताचा थर ते धरून ठेवतो.

आता थांब्यांचा हिशोब. किलोभर सुकं गवत खायला घोड्याला 35 ते 40 मिनिटं लागतात, किलोभर ओट दहा मिनिटांत संपतात. थांबा 40 मिनिटांचा, पण त्याची सुरुवात नाडी मिनिटाला 64 ठोक्यांवर उतरल्यानंतर होते असं धरलं तरी तपासणी, खोगीर काढणं-चढवणं आणि स्टार्टपर्यंत चालत जाणं यात पंधरा मिनिटं जातात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत गवत जेमतेम अर्धा-पाऊण किलो पोटात जाईल. दोन थांबे मिळून दीड किलोसुद्धा नाही. तेवढ्यावर सात तास काढायचे नसतील तर वाटेत खाणं शिकवावं लागतं. सरावातच दर सात-आठ किलोमीटरवर, हिरवं गवत दिसेल तिथे दोन मिनिटं लगाम सैल सोडून चरू द्या. सुरुवातीला ती नुसती इकडेतिकडे पाहील. चार-सहा फेऱ्यांत कळतं की थांबलो म्हणजे खायचं. प्रत्येक वेळची दोन मिनिटं म्हणजे वेळ वाया नाही. 80 किलोमीटरमध्ये ती एकूण वीस मिनिटंही होत नाहीत आणि पुढच्या नाडीतपासणीत निम्मी तरी वसूल होतात.

थांब्यावर शिरताना क्रम असा ठेवा. पाणी ताबडतोब, हवं तेवढं. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज चुकीचा आहे. चालत्या राइडमध्ये त्याला पाण्यापासून अडवलं तरच त्रास होतो. अंगावर पाणी ओतत राहा, नाडी उतरू द्या. तपासणीपर्यंत तोबरा मागे ठेवा, कारण खाताना ठोके चार-सहाने वर राहतात. तपासणी संपली की बिट (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) काढा. ही गोष्ट फार जण विसरतात आणि मग घोडा खात नाही म्हणतात.

तोबऱ्यात किंवा घमेल्यात 300 ग्रॅम ओट, 300 ग्रॅम लसूणघासाची कुट्टी, मूठभर कोंडा, सगळं पाण्यात सरबरीत भिजवलेलं. ओटमधून 120 ग्रॅम स्टार्च जातं, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. स्टार्टच्या आधी नको म्हटलेली चंदी इथे चालते, कारण चालत्या शरीरात इन्शुलिनचा तसा उसळा येत नाही. कोरडं गोळीखाद्य किंवा कोरडी कुट्टी मात्र देऊ नका: धापा टाकणाऱ्या, तोंड सुकलेल्या घोड्याच्या अन्ननलिकेत घास अडकतो. घमेल्याशेजारी भिजवलेल्या गवताची पेंढी, थोडं हिरवं गवत, गाजरं, कलिंगडाच्या साली. घरी आवडीने खाणारा घोडा राइडमध्ये तीच गोष्ट नाकारतो आणि शेजारच्या क्रूच्या (स्वाराच्या मदतनिसांच्या) घमेल्यात तोंड घालतो, हे नेहमीचं आहे. म्हणून तीन-चार चवी हाताशी असाव्यात, पण सगळ्या घरी एकदा खाऊन झालेल्या. कापलेलं हिरवं गवत गोणीत कोंबून गाडीत ठेवलं की आतून तापतं. हात घालून गरम लागलं तर फेकून द्या.

मिठाचा भाग. माणसाचा घाम रक्तापेक्षा फिका असतो, घोड्याचा जवळजवळ रक्ताइतका खारट. एका लिटरमागे सगळे क्षार मिळून सुमारे 9 ग्रॅम जातात, त्यात क्लोराइड आणि सोडियम सर्वांत जास्त, मग पोटॅशियम. मार्चच्या उन्हात या वजनाच्या घोडीचा तासाला पाच लिटर घाम धरला तर सहा तासांत 30 लिटर आणि 270 ग्रॅम क्षार. पाणी आणि मीठ सोबतच गेल्यामुळे रक्ताचा दाटपणा फारसा वाढत नाही आणि तहानेचा इशारा मेंदूपर्यंत पोचत नाही. तोंड सुकलेला घोडा बादलीवरून मान फिरवतो तो याच कारणाने. मीठ पोटात गेलं की तहान लागते.

ओआरएसच्या एका पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट. दहा पाकिटं फोडली तरी मीठ 26 ग्रॅम आणि साखर 135 ग्रॅम. शिवाय घामातून क्लोराइड गेल्याने लांब राइडमध्ये घोड्याचं रक्त अल्कलीकडे झुकतं आणि सायट्रेट त्यात भर घालतं. खाण्याचा सोडा तर अजिबात नको. दोन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड हे मिश्रण पुरतं. प्रत्येक थांब्यावर 40 ग्रॅम, पाववाटी दह्यात कालवून, टोक कापलेल्या 60 मिलिलिटरच्या सिरिंजने जिभेच्या मागच्या बाजूला, दोन हप्त्यांत. गेलेलं सगळं त्याच दिवशी भरून काढायचं नसतं. तिसरा हिस्सा ते निम्मं पुरेसं आहे, बाकी वैरणीतून आणि पुढच्या दोन दिवसांत येतं. वेळ पाळा: घोडीने पाणी प्यायलं असेल तरच मीठ. न प्यायलेल्या घोड्याच्या पोटात मीठ घातलं तर ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं आणि सुकी घोडी आणखी सुकते. सिरिंजीनंतर तोंडात पाणी मारा, नाहीतर हिरड्या चरचरतात आणि ती खाणंच सोडते. पहाटे आगाऊ डोस देऊन ठेवण्यात अर्थ नाही, जास्तीचं मीठ मूत्रपिंडं टाकून देतात. बादलीचा एक उपाय मात्र चांगला चालतो: दर लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलेली एक बादली आधी, साधी बादली शेजारी. खारं पाणी पिणारा घोडा पुढच्या साध्या पाण्यावर जास्त तुटून पडतो. सवय घरीच लावलेली हवी.

आतड्यांचे आवाज व्हेटच्या आधी स्वतः ऐका. स्टेथोस्कोप नसेल तर कान चालतो. उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागे, वरच्या बाजूला कान टेकवा आणि पूर्ण एक मिनिट काहीही न बोलता उभे राहा. अधूनमधून बारीक गुडगुड आणि मिनिटा-दोन मिनिटांनी टाकीत पाणी सुटल्यासारखा लांब खळखळाट यायला हवा. मग उजवीकडे खाली, डावीकडे वर, डावीकडे खाली. विश्रांतीत घरी आठ-दहा वेळा ऐकून ठेवलंत तरच थांब्यावर फरक कळेल. पहिल्या टप्प्यानंतर आवाज थोडे मंदावतातच; रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळलेलं असतं. खायला लागल्यावर दहा मिनिटांत ते परत आले की काळजी नाही.

घोडी खात नाही तेव्हा आधी बिट, मग चव, मग जागा बदला: सावलीत न्या, हातात दोर धरून हिरव्या गवतावर फिरवा, शेजारी खाणारा घोडा उभा करा. पंधरा मिनिटांत तोंड लावलं, लीद टाकली तर पुढचा टप्पा हळू चालीने करता येतो. खात नाही, पीत नाही, कूस शांत, नाडी 64 खाली उतरून पुन्हा चढते, हिरड्या दाबल्यावर रंग यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी माघार घ्या आणि व्हेटला सांगा. तोंडात जबरदस्तीने काही कोंबू नका, मीठ तर नाहीच. शिरेतून सलाइन दिलं की राइड बाद होते, म्हणून ते टाळत एक टप्पा ढकलणारे लोक आहेत. त्यांच्या घोड्यांची रात्र पोटशुळात जाते.

शेवटच्या तपासणीनंतर पहिले तीन-चार तास फक्त पाणी, भिजवलेलं गवत आणि पाणी प्यायल्यावर एक 40 ग्रॅमचा डोस. भूक मोठी दिसली तरी पूर्ण तोबरा नाही. दमलेलं आतडं स्टार्च सांभाळत नाही. रात्री अर्धा किलो ओट, भिजवून. तासातासाला लीद पडते का पाहा, सकाळपर्यंत चार-पाच वेळा तरी हवी. लघवीचा रंग कॉफीसारखा दिसला, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट लागले तर हलवू नका, जागेवर व्हेट बोलवा. ग्लायकोजन भरून यायला घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात आणि जास्त चंदी घालून ते लवकर होत नाही. दुसऱ्या दिवशी निम्मी चंदी, वैरण पूर्ण, मीठ 50 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी पाऊणपट. चौथ्या दिवशी नेहमीचा खुराक, तोही घोडी मोकळी फिरत असेल तर. ट्रकमध्ये घालून घरी नेण्याआधी रात्रभर तिथेच ठेवा.